मॅककव्ही कोव्हची जाळी आणि बॅरी बॉन्ड्सचा वाद

सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन गेट झाला, केबल कार झाली, सगळं छानच होतं. पण लिहावंसं वाटलं ते ओरॅकल पार्कच्या पाठीमागच्या जाळीबद्दल. बेसबॉलचं हे मैदान खाडीला इतकं खेटून आहे की उजवीकडची भिंत आणि पाणी यांच्यामध्ये जेमतेम एक फरसबंद वाट उरते. भिंतीत कमानी, कमानींना जाळी, आणि त्या जाळीतून नऊपैकी तीन इनिंग फुकट बघता येतात. मागं माणसं ताटकळत असतील तर नंतर जागा सोडायची.

सनीव्हेलकडे मुलांकडे उतरलेल्या मराठी मंडळींनी सरळ कॅलट्रेन ही लोकल गाडी धरावी. शेवटच्या स्टेशनपासून मैदान चालत जाण्याइतकं जवळ आहे. दुर्बीण न्यावीच, कारण जाळीतून उजव्या फील्डरची पाठ समोर दिसते, बॅटर मात्र शंभरेक मीटर लांब असतो. आणि जुलै असला तरी जाड जाकीट हवं. संध्याकाळी खाडीवरून सुटणारा वारा हाडात शिरतो.

या वाटेवर एकच वाद पुन्हा पुन्हा पेटतो: उत्तेजकं घेतल्याचा आरोप असलेला जायंट्सचा बॅटर बॅरी बॉन्ड्स थोर की लबाड? नारंगी-काळ्या टोपीतले, इथल्या जायंट्स संघाचे पाठीराखे आणि लॉस एंजेलिसहून आलेले, प्रतिस्पर्धी डॉजर्सचे पाठीराखे जाळीला नाक लावून खेळ बघतात आणि तोंडानं भांडतात. दोन्ही बाजू तेच दोन आकडे फेकतात: कारकिर्दीत ७६२ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे, थेट मैदानाबाहेरचे फटके), आणि २००१ च्या एकाच मोसमात ७३. दोन्ही विक्रम अजून त्याच्याच नावावर आहेत. एकाला ते पुरेसे वाटतात, दुसऱ्याला तेच संशयास्पद. त्या मोसमात बॉन्ड्सनं सदतिशी गाठली होती, हेही खरंच.

माझ्या मते या वादात होम रन हा सगळ्यात कुचकामी आकडा आहे. बघायचे ते वॉक. पिचरनं चार चेंडू बाहेर टाकले की बॅटर न मारता पहिल्या बेसवर जातो, आणि धोकादायक बॅटरला असं मुद्दामही पाठवतात. एका मोसमात सर्वाधिक मुद्दाम वॉक मिळण्याचा जुना विक्रम जायंट्सच्याच विली मॅककव्हीचा, १९६९ साली ४५. जाळीच्या मागची खाडी त्याच्याच नावानं ओळखली जाते. बॉन्ड्सला २००४ मध्ये १२० मिळाले. सगळे धरून वॉक २३२, आणि त्याच्या ६१७ पाळ्यांपैकी दर दहातल्या सहांत तो बेसवर पोचला.

आता २८ मे १९९८ चा सामना घ्या. ॲरिझोना ८-६ नं पुढे, नववी इनिंग, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. ॲरिझोनाचे मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी बॉन्ड्सला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे सगळे एकेक बेस पुढे सरकले आणि स्वतःहून एक धाव बहाल केली. पुढचा बॅटर ब्रेंट मेन बाद झाला आणि ॲरिझोना ८-७ नं जिंकली. उत्तेजकांचे आरोप बहुतेक या मोसमानंतरच्या काळाबद्दल आहेत. तोपर्यंतच बॉन्ड्सच्या नावावर ४११ होम रन, ४४५ चोरलेले बेस (फटक्याशिवाय पळून गाठलेले), क्षेत्ररक्षणाचे आठ गोल्ड ग्लव्ह आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचे तीन किताब होते. (पुढे चार आणखी मिळाले.) तिथंच थांबला असता तरी तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च मानाच्या दालनात, बसला असता.

डॉजर्सवाल्यांचं दुखणंही खोटं नाही. खेळाडूंना उत्तेजकं पुरवणाऱ्या ज्या बाल्को प्रयोगशाळेवर २००३ मध्ये छापा पडला, ती बर्लिंगेममध्ये होती. कॅलट्रेन याच गावातून येते. या प्रकरणात न्यायात अडथळा आणल्याबद्दल बॉन्ड्स २०११ मध्ये दोषी ठरला, २०१५ मध्ये अपील न्यायालयानं तो निकाल रद्द केला. पण कोर्टातून सुटणं वेगळं आणि आधीचा विक्रमवीर हँक ॲरनच्या ७५५ होम रनपुढे निःशंक उभं राहणं वेगळं. जे खेळाडू काहीही न घेता खेळले आणि मागे पडले, त्यांच्यावरच्या अन्यायाचं उत्तर जायंट्सवाल्यांकडे नाही. तिथं ते आवाज चढवतात, आणि मला ते मनापासून खटकतं.

हॉल ऑफ फेमसाठी ७५ टक्के मतं लागतात. दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, २०२२ मध्ये, पत्रकारांनी बॉन्ड्सला ६६ टक्के दिली. उत्तेजकांच्या त्या सगळ्या काळात बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे सर्वोच्च प्रशासक, असलेले बड सेलिग मात्र २०१७ मध्ये सन्मानानं आत गेले. परीक्षा घ्यायची जबाबदारी ज्यांची होती त्यांना हार आणि खेळाडूला दार बंद, हे मला अजिबात पटत नाही. बॉन्ड्सची पाटी तिथं लावावी आणि तिच्यावर बाल्कोही लिहावं.

तीन इनिंग झाल्या की तिसऱ्या रस्त्याच्या पुलावरून खाडीपलीकडे जाऊन मॅककव्हीचा पुतळा बघावा. वाटेत पाण्यात, चेंडू पकडायला हातजाळी घेऊन छोट्या होड्यांत थांबलेले कायाकवाले दिसतात. जायंट्सचा होम रन फरसबंद वाटेवर टप्पा न घेता थेट पाण्यात पडला तरच तो ‘स्प्लॅश हिट’ म्हणून मोजतात. बॉन्ड्सच्या नावावर असे ३५ आहेत, पहिला १ मे २००० चा. तो फटका मान्य करायला डॉजर्सवालेसुद्धा तयार असतात, कारण या बाजूची भिंत २४ फूट उंच आहे आणि वाऱ्याशी झुंजत चेंडू तिच्यावरून काढणं किती कठीण, ते जाळीपाशी उभं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.