किती पोरं शेतीत टिकली, हे विचारता म्हणून

तुमच्याकडे वर्षभर राहून शेती शिकलेली पोरं पुढे शेतीत टिकतात का, आणि किती? हे मला देणगी देणारे विचारतात, कॉलेजची सहल आली की सोबतचे सर विचारतात, नातेवाईक लग्नाच्या पंगतीत विचारतात, म्हणून आता एकदा लिहूनच टाकते. काही टिकतात, बरीच नाही टिकत. हे ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ना, मग तुम्ही करता तरी काय असं, त्याचा मला त्रास होतो, खोटं कशाला बोलू.

पोरं आमच्याकडे एक खरीप आणि एक रब्बी स्वतःच्या हाताने काढतात. उताराला आडवी पेरणी, जूनमध्ये निंबोळ्या वेचून वाळवणं, फवारायला त्यांचा पाच टक्के अर्क करायचा तर १०० लिटर पाण्याला ५ किलो, कपाशीत तूर आणि मूग, कडेने चवळी, आणि रोज रात्री हिशोब. करता करता शिकायचं हे काही मी शोधलेलं नाही, १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमचा विचार मांडला गेला, १९८३ मध्ये डॉ. कलबागांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, आम्ही त्याच वाटेने जातोय. पण सातबारा बापाच्या नावावर, पीक कर्ज बापाच्या नावावर, शेती करणाऱ्या पोराला कोणी पोरगी देत नाही, यातलं मी काय शिकवून बदलू? आणि पोरींचं तर कोणी विचारतच नाही. निंदण त्यांचं, वेचणी त्यांची, बियाणं जपणं त्यांचं, पण शिकून घरी गेल्यावर प्रयोगाला अर्धा एकर द्या म्हटलं की भावाकडे बोट दाखवतात.

२०१७ चं सांगते. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती, हे तुम्ही पेपरात वाचलंय. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, उकाडा, पाठीवर पंप, उडालेलं औषध तोंडावर. आमच्याकडून नुकताच शिकून गेलेला एक पोरगा त्याच जिल्ह्यातला. बापाच्या मागे लागून लागून त्याने शिकलेलं करून बघायला एक एकर घेतलं होतं, बाकीच्या वावरात बापाची नेहमीची फवारणी चालू. पोळ्यानंतर त्याच्या कडेच्या चवळीवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला. म्हणजे शिकवल्याप्रमाणे सगळं बरोबर चाललं होतं, कारण चवळीवरचा काळा मावा वेगळा आणि कपाशीवरचा वेगळा, चवळीवर मावा आला की तो खायला ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड, येतात आणि मग तेच कपाशीतही फिरतात. पोरगा खूष होऊन मला फोनवर सांगत होता, ताई, एका पानावर चार चार ढालकिडे आहेत.

पण बांधावरून जाणाऱ्याला दिसतो तो काळा पडलेला चवळीचा शेंडा. चार लोक बापाला बोलले, पोरगं वावर बिघडवून राहिलं, तुमच्या सगळ्या कपाशीवर येईल. पोरगा तालुक्याला गेला होता त्या दिवशी बापाने दोन औषधं एकत्र कालवली आणि भर दुपारी ते एकर फवारलं, तोंडाला रुमालसुद्धा नाही. संध्याकाळी उलट्या, डोळ्यापुढे अंधारी, रात्री दवाखाना.

मी दुसऱ्या दिवशी गेले. बाप वाचला होता. पोरगा व्हरांड्यात बसून होता, एक शब्द बोलला नाही. मी आत गेले तर बापाने, सलाईन चालू होतं हाताला, मला विचारलं, "मॅडम, माह्या एकराचं नुकसान झालं असतं तर तुमी भरून देनार होते का?" आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते. माझ्याकडे ढालकिड्यांचं उत्तर होतं, या प्रश्नाचं नव्हतं.

त्या वर्षी पुढे गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचीही, जी बोंडअळीला टिकते म्हणून लावतात तिची, वाट लावली, म्हणजे फवारूनसुद्धा हातात फार काही आलं नाही. हे मी कोणाला ऐकवायला सांगत नाही, त्या घरात ऐकवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. पोरगा दिवाळीनंतर चाकणला कंपनीत लागला, अजून तिथेच आहे, बापाचं कर्ज त्याच्या पगारातून फिटलं.

आता याला तुमच्या आकड्यात कुठे धरू? तेव्हाची मी त्याला सरळ शेती सोडून गेलेल्यांत धरलं असतं. ती मी पहिल्याच दिवशी पोरांना सांगायची की नोकरीच करायची असेल तर दुसऱ्याची जागा अडवू नका. आणि मला आजही ती पूर्ण चूक वाटत नाही, कारण जागा खरंच कमी असतात आणि दरवर्षी कोणाला तरी परत पाठवावं लागतं. पण ज्या कर्जापायी बाप भर दुपारी पंप घेऊन उभा राहिला ते कर्ज पोराच्या पगाराने फेडलं, मग ते शेतीचं काम नव्हतं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? यावर माझं माझ्याशीच भांडण चालू आहे आणि ते मिटेल असं वाटत नाही.

तेव्हापासून आम्ही एक बदल केलाय. पोराच्या आधी आईवडिलांना दोन दिवस बोलावतो, चवळीवरचे ढालकिडे त्यांना दाखवतो, आणि घरी गेल्यावर पहिल्या वर्षी अर्ध्याच एकरावर करायचं, शेजारच्या वावरापेक्षा कमी पिकलं तर फरक आम्ही देऊ असं लिहून देतो. माझे काही सहकारी म्हणतात याने पोरं सैल पडतात, तोट्याची भीती नसेल तर पहाटे वावरात कोण जाईल, आणि एकदोघांच्या बाबतीत तसं झालंही. तरीही मी ते बंद करणार नाही, कारण त्या माणसाने विचारलेलं दुसरा कोणताही बाप विचारू शकतो. फक्त या वर्षीच्या फरकाचे पैसे कुठून आणायचे ते अजून ठरलेलं नाही, आणि पेरणी तोंडावर आलीय.