फर्नपासची खडी, व्हिन्श्गाऊचे पाट

जर्मनीतल्या फ्युसेनहून इटलीतल्या मेरानला गाडीने सकाळी निघालं तर माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. ऑस्ट्रियातल्या फर्नपास खिंडीतली ट्रकांची रांग, लांडेकचा बोगदा, रेशेनची खिंड आणि मग खाली सफरचंदांच्या बागा. म्युनिकला राहायला आल्यापासून हा रस्ता मी गाडीने पुष्कळदा केला, पण त्यातलं फारसं काही डोळ्यांपुढे येत नाही. या जूनमध्ये तोच प्रवास ग्रॅव्हल सायकलवरून, म्हणजे खडीच्या कच्च्या वाटांवर चालणाऱ्या सायकलवरून केला. सोबत माझा मामेभाऊ होता, नाशिकहून सुट्टी काढून आलेला. त्याने तिथे सायकलवर सगळे घाट पालथे घातलेत, पण खाली वळलेलं ड्रॉप हँडल आणि पंचेचाळीस मिलिमीटरचे रुंद टायर असलेली सायकल तो पहिल्यांदाच चालवत होता.

आम्ही धरला तो व्हिया क्लाउडिया आउगुस्टा या रोमन रस्त्याचा माग. इसवी सनापूर्वी १५ मध्ये रोमन सेनापती द्रूसुसने आल्प्स जिंकताना ही वाट काढली आणि त्याचा मुलगा सम्राट क्लाउडियस याने इसवी सन ४६-४७ च्या सुमारास तिचा पक्का रस्ता केला. इटलीच्या मैदानातून थेट डॅन्यूब नदीपर्यंत. आज त्याच मार्गाने सायकलवाट आखली आहे. ती काही ठिकाणी रोमनांच्या रस्त्यावरूनच जाते, काही ठिकाणी त्याच्या आसपासून. आणि मला या प्रवासात सगळ्यात भावलेली गोष्ट हीच: जुना रस्ता जिथे जिथे उरलाय, तिथे तो कच्चा म्हणूनच उरलाय. जिथे डांबर आलं तिथे तो डांबराखाली गेला. म्हणून त्याला भेटायचं तर खडीवर चालणारी सायकल हवी.

फर्नपासचंच बघा. बीबरव्हीअर गाव सोडलं की मोटारींचा रस्ता एका बाजूला जातो आणि आपण जंगलातल्या खडीच्या वाटेला लागतो. साधारण चार हजार वर्षांपूर्वी इथे अख्खा डोंगर कोसळला. पूर्व आल्प्समधल्या सगळ्यात मोठ्या दरडींपैकी ही एक. दरी बुजली, आणि त्या ढिगाऱ्यालाच आज आपण खिंड म्हणतो. आजूबाजूची हिरवीनिळी तळी म्हणजे त्या ढिगाऱ्यातले खळगे. चाकाखाली येते ती त्याच डोलोमाइट दगडाची खडी, पांढरी, कोरडी, कोपरे अजून टोकदार असलेली. चढावर उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, म्हणून बसूनच, हलक्या गिअरवर, वजन मागे ठेवून चढायचं. हवा आम्ही मुद्दाम कमी ठेवली होती, ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले टायर असल्यामुळे तशी चालते. वर पोचेपर्यंत सायकलच्या फ्रेमवर, बाटल्यांवर, पोटऱ्यांवर पिठासारखी धूळ बसली होती.

याच वाटेवर खडकात बैलगाड्यांच्या चाकोऱ्या कोरल्या गेल्यात. शेकडो वर्षं लोखंडी धावा घासून पडलेल्या. मामेभावाने सायकल आडवी टाकून एका चाकोरीत हात घातला, तर तो मनगटापर्यंत आत गेला. खिंडीच्या अलीकडे लेरमोसच्या पाणथळीत तर रोमनांनी चिखलावर ओंडके आडवे टाकून रस्ता नेला होता. ते ओंडके पुरातत्त्वज्ञांना सापडले, त्यांची वर्तुळं मोजली, आणि झाडं तोडल्याचं साल निघालं इसवी सन ४६. क्लाउडियसच्या मैलाच्या दगडावर कोरलेलं साल आणि चिखलातल्या लाकडाचं साल जुळतं, हे त्या पाणथळीच्या कडेने सायकल चालवताना आठवलं की अंगावर काटा येतो.

इम्स्ट ते लांडेक आणि पुढे प्फुंड्सपर्यंत इन नदीच्या कडेने जायचं. तो भाग बरा आहे, पण महामार्गाचा आवाज सुटत नाही, त्यामुळे मी त्यात रमले नाही. आल्टफिन्स्टरम्युन्त्स मात्र चुकवू नका. इन नदी तिथे इतकी चिंचोळी होते की सूर्य जेमतेम तळाला पोचतो, आणि नदीच्या मधोमध, पुलावरच, मध्ययुगीन बुरूज उभा आहे. येणाऱ्याजाणाऱ्याकडून जकात घ्यायची ती इथे. एकोणिसाव्या शतकात वरच्या अंगाने नवा रस्ता निघाला आणि खालची ही जागा ओस पडली. मग स्वित्झर्लंडच्या मार्टिना गावाला जरासा स्पर्श करून, वळणावळणांनी नोर्बर्ट्सह्योहे चढायचं. हा डांबरी चढ आहे, एकसारखा, सावलीतला. मामेभाऊ म्हणाला, "ताई, हा तर कसारा घाटापेक्षा सोपा." नंतरच्या वळणावर तो काही बोलला नाही.

रेशेन खिंड पंधराशे मीटरच्या आसपास. ती ओलांडली की इटली, म्हणजे दक्षिण टिरोल. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता, म्हणून गावात बोलतात जर्मन, आणि पाट्या दोन्ही भाषांत. खिंडीलगत तळं आहे आणि तळ्यातून चर्चच्या घंटाघराचा मनोरा वर आलाय. सगळ्यांनी फोटोत पाहिलेला. ते ग्राउन गाव. इथे आधी लहान नैसर्गिक तळी होती. विजेसाठी धरण बांधून पाणी पाच मीटर वाढवायची योजना होती, ती बावीस मीटरवर गेली. सूचना लागली इटालियनमध्ये, लोक जर्मन बोलणारे. १९५० मध्ये घरं सुरुंगाने उडवली, १६३ घरं आणि ५२३ हेक्टर जमीन पाण्याखाली गेली. चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा ठेवला.

काठावर लोक सेल्फी काढत होते. मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही. मी धुळे जिल्ह्यातली. सरदार सरोवराने नंदुरबारची तेहेतीस गावं घेतली, मणिबेली त्यातलं पहिलं. विस्थापितांच्या गोष्टी आमच्याकडे पाव्हण्यारावळ्यांच्या बोलण्यात यायच्या. वीज लागते, धरणं लागतात, हे मी जाणते. पण ज्यांचं गाव जातं त्यांना त्यांच्या भाषेत सांगायला हवं, आणि वेळेवर सांगायला हवं. आम्ही माणसांची गर्दी सोडून पलीकडच्या, पश्चिम काठाने सायकली घेतल्या.

तळ्याखाली सुरू होते माल्सर हाइडे, ओढ्यांनी आणून टाकलेल्या गाळाची अवाढव्य उतरण. आणि इथे मामेभाऊ अचानक ब्रेक लावून थांबला. "ताई, पाट!"

खरंच पाट होता. हातभर रुंद, कडेला गवत, पाणी स्वच्छ आणि वेगात. व्हिन्श्गाऊ हे आल्प्सच्या पर्जन्यछायेतलं खोरं, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. वर हिमनद्या आणि खाली तहानलेली शेतं, म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीतून पाट खोदले. त्यांना इथे 'व्हाल' म्हणतात. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि पाट राखायला एक माणूस नेमलेला. त्याची एक युक्ती आम्ही प्रत्यक्ष पाहिली. पाटाच्या प्रवाहात लहानसं लाकडी चाक बसवलेलं, ते फिरलं की त्याला जोडलेला हातोडा उचलला जातो आणि घंटेवर पडतो. ठक, ठक, ठक. पाणी वाहतंय तोवर घंटा वाजत राहते. ती थांबली की राखणदाराला कळतं, वर कुठे तरी पाट तुंबला किंवा फुटला. रात्री घरात झोपलेल्या माणसालासुद्धा कळतं.

आमचं आजोळ पिंपळनेरजवळ, पांझरा नदीच्या काठी. तिथली फड पद्धत महाराष्ट्रात सिंचनाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, बाकीच्यांना फारशी नाही. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, शिवाराचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, पिकं राखायला जागल्या. कोणाच्या शेताला किती आणि कधी, हे गाव ठरवणार. तीन-चारशे वर्षं हे चाललं. आता बरेच फड मोडलेत, विहिरी आणि मोटारी आल्या, वर धरणं झाली. मामेभाऊ त्या घंटेपाशी बराच वेळ उकिडवा बसला होता. त्याने तिथूनच मामाला व्हिडिओ कॉल लावला. मामाने चाक बघितलं, घंटा ऐकली, आणि पहिलाच प्रश्न विचारला: "शेवटच्या शेताला पाणी पोचतं का?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी ग्लूर्न्समध्ये मुक्कामाच्या घरी आजीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आता बहुतेक ठिकाणी तुषार सिंचन झालंय. पण हाइडेवर अजून काही जण पाटानेच पाणी देतात, आणि ज्याची पाळी असेल तो रात्री दोनलाही फावडं घेऊन जातो. शेवटच्याचं पाणी मधल्याने तोडलं तर गावात त्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. हे ऐकून मामाचं समाधान झालं.

२०२३ मध्ये युनेस्कोने इटलीसह सात युरोपीय देशांतल्या पारंपरिक सिंचनाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पांझरेच्या पाटांसाठीही कोणी तरी असा खटाटोप करायला हवा, आणि तो जाणती म्हातारी माणसं आहेत तोवर करायला हवा.

ग्लूर्न्स हे जेमतेम नऊशे वस्तीचं शहर. हो, शहरच, तटबंदी आणि तीन वेशी असलेलं. १४९९ मध्ये जवळच काल्व्हनची लढाई झाली, ग्लूर्न्स जाळलं गेलं, त्यानंतर सोळाव्या शतकात हा तट बांधला. तो आजही सलग उभा आहे. आत बाजारपेठेच्या कमानी इतक्या ठेंगण्या, की सायकल ढकलत जाताना हेल्मेट घासतं. याच गावात १५२० मध्ये उंदरांवर खटला चालला. जवळच्या श्टिल्फ्स गावच्या शेतकऱ्यांनी पिकं खाणाऱ्या शेतउंदरांवर फिर्याद केली, कोर्टाने उंदरांना वकील दिला, साक्षी झाल्या, आणि निकाल लागला की उंदरांनी हद्द सोडून जावं. गाभण माद्यांना आणि पिल्लांना मात्र वाढीव मुदत. मला हा निकाल मनापासून आवडतो. ज्यांचं नुकसान झालं त्यांचं ऐकलं, आणि ज्यांना घालवायचं त्यांचंही.

सकाळी बेकरीतून 'पार्ल' घेतला, राईच्या पिठाच्या दोन चपट्या पावांची जोडगोळी. तोडला आणि नाकाशी नेला तर ओळखीचा वास आला. या पावात मेथीच्या कुळातली एक रानवनस्पती वाळवून घालतात, शिवाय बडीशेप. बरोबर आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीशी तो झकास लागला.

ग्लूर्न्सहून पुढे आडिजे नदीच्या काठाने उतार. बराचसा डांबरी, अधूनमधून कच्चा. धुळीचा रंग इथे बदलतो. फर्नपासची पांढरी जाऊन राखाडी येते, आणि तिच्यात अभ्रक चमकतं. लास गावाला संगमरवराचे ठोकळे रुळांच्या बाजूला रचलेले दिसतात. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटर स्थानकाची फरशी या गावच्या दगडाची आहे. लासनंतर सफरचंदाच्या बागा संपता संपत नाहीत. एकेकाळी हे खोरं टिरोलचं धान्याचं कोठार होतं, आता तारांवर बांधलेली बुटकी झाडं आणि फवारणीचे ट्रॅक्टर. वरच्या माल्स गावाने २०१४ मध्ये कीटकनाशकांवर बंदीसाठी सार्वमत घेतलं आणि चारातल्या तिघांनी बंदीच्या बाजूने मत दिलं. बागांमधून जाताना औषधाचा दर्प नाकात गेला की ते मत का पडलं हे समजतं.

राबलांडला क्लाउडियसच्या मैलाच्या दगडाची प्रतिकृती आहे. मूळ दगड बोल्झानोत. त्यावर लिहिलंय की बाप द्रूसुसने युद्ध करून आल्प्स उघडले आणि आपण हा रस्ता पो नदीपासून डॅन्यूबपर्यंत बांधला. मामेभावाने दगडाला सायकल टेकवायला नकार दिला, हातात धरून उभा राहिला. त्याचं मला कौतुक वाटलं. त्यानंतर ट्योलचा उतार आणि खाली मेरान, ताडाची झाडं, नदीकाठी बाकांवर आइस्क्रीम खाणारी माणसं.

कोणाला जायचं असेल तर मे अखेर ते सप्टेंबर बरा काळ. चढ नको असेल त्यांनी मेरानहून आगगाडीने माल्स गाठावं आणि सायकलवर खाली यावं. ही रेल्वे १९०६ ची, १९९० मध्ये बंद पडलेली आणि २००५ मध्ये पुन्हा सुरू केलेली. डब्यात सायकल घेतात का हे आधी विचारून घ्यावं, स्थानकांवर भाड्यानेही मिळते. पाटांच्या कडेच्या वाटा चालणाऱ्यांसाठी आहेत, तिथे सायकल नेऊ नका. ती खाली कुलूप लावून ठेवा आणि तासभर पाटाबरोबर चाला. फर्नपाससाठी चाळीस मिलिमीटरपेक्षा अरुंद टायर नको. आणि घंटा दिसली तर मोबाइल बाजूला ठेवून आधी नुसती ऐका, वर पाणी चालू आहे याची खात्री तीच देते.