आमची वाटचाल : येण्याचे शंभर रुपये

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात नळाची तोटी गळायला लागली की लोक तिला चिंधी बांधतात. चिंधी कुजली की दुसरी. कारागीर नाहीत असं नाही. पण ते नव्या घरांच्या फिटिंगवर असतात, आणि एका तोटीसाठी हातातलं काम टाकून आठ-दहा किलोमीटर येणं त्यांना परवडत नाही. "येतो उद्या" म्हणतात, आणि तो उद्या महिनाभर उजाडत नाही. यात त्यांचा दोष नाही, हिशोबच तसा आहे. आमचा धंदा या हिशोबातूनच सुरू झाला.

मी आयटीआयमधून वीजतंत्रीचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. मार्च 2020 ची टाळेबंदी आली, कंत्राट संपलं, गावी परतलो. पहिले काही महिने लोकांची कामं अशीच करत होतो. कुणाच्या पंख्याचा कपॅसिटर, कुणाच्या मोटरीचा स्टार्टर, कुणाच्या देवघरातला दिवा. पैसे मागायचे कुणाला? एक घर काकांचं, दुसरं मामांचं, तिसऱ्या घरातल्या आजीनं मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. चहा मिळायचा, हंगामात पायलीभर हरभरा मिळायचा, आणि पेट्रोल घरून जायचं.

बायकोनं वही घातली. काम कुठलं, गाडी किती किलोमीटर फिरली, वेळ किती गेला, हातात काय आलं. महिन्याअखेरी तिनं वही माझ्यापुढे ठेवली, बोलली काहीच नाही. त्या रात्री ठरलं : कुणाच्याही घरी पाऊल टाकायचे 100 रुपये, सामान आणि मजुरी वेगळी. त्या बदल्यात आम्ही दिलेल्या वेळेला पोचायचं. उशीर झाला तर येण्याचे पैसे घ्यायचे नाहीत.

पहिल्यांदा हे सांगितलं ते शेजारच्या काकूंना. "काहून गा, दहा मिन्टाचं काम अन् शंभर रुपये?" म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वायसर बदलायला खरंच दहा मिनिटं लागतात. मी म्हणालो, "काकू, दहा मिन्टं हाताची, पण यायला-जायला अर्धा दिवस जाते." त्यांनी पैसे दिले, पण पुढचे सहा महिने मला बोलावलं नाही. ते मला फार लागलं. शंभर रुपयांत नेमकं काय विकतोय हे मलाच पुरतं कळलं नव्हतं. ते कळायला एक वाईट उन्हाळा जावा लागला, तो पुढे सांगतो.

आधी जोडीदाराबद्दल. आयटीआयला जाताना एसटीत माझ्याशेजारी बसणारा एक मित्र सुतारकाम करायचा. तो आला आणि दार-खिडकी, बिजागऱ्या, कडी-कोयंडे ही कामं आमच्याकडे आली. पुढे 17 सप्टेंबर 2023 ला पारंपरिक कारागिरांसाठी केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना सुरू झाली तेव्हा त्यानं नोंदणी केली आणि त्याला अवजारांसाठी 15,000 रुपयांचं व्हाउचर मिळालं. त्या योजनेच्या 18 व्यवसायांत सुतार आहे, गवंडी आहे, लोहार आहे. वीजतंत्री आणि प्लंबर नाहीत. त्यामुळे चांगला रंधा आणि पटाश्यांचा संच आमच्याकडे योजनेतून आला, ड्रिल मशीन मात्र आम्ही हप्त्यानं घेतलं.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट. शहानूर धरणाचं गोड पाणी नळाला येतं, पण ते रोज येत नाही, वापरायला बोअरचंच. खाऱ्या पाण्यानं लोखंडी पाइप आतून कुरतडले जातात, तोटीचा दांडा जाम होतो, कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर चढून वारा अडतो. बाहेरगावचा कारागीर दुकानात दिसेल ती चकचकीत तोटी लावून जातो, ती वर्षात गळते. आम्ही बोअरच्या लाइनवर साधी प्लास्टिकची तोटी लावतो आणि ती का लावली ते घरच्यांना सांगतो. दिसायला हलकी, पण गंजायला तिच्यात काही नाही. फक्त तिच्यावर आणि पाइपावर थेट ऊन पडू द्यायचं नाही. उन्हानं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, म्हणून गच्चीवरचा पाइप आम्ही रंगवून देतो.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आवळते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरचं घर दरवर्षी थोडं हलतं. श्रावणात हटकून फोन येतो, "दार लागत नाही, तासून द्या." सुरुवातीला आम्ही द्यायचो तासून. चैत्रात त्याच घरून फोन : दाराला फट पडली, रात्री विंचू आत आला. लाकूड पावसाळ्यात फुगलेलं असतं, चौकटही तिरकी झालेली असते. तेव्हा घासतं तेवढं सगळं काढलं तर कोरड्या दिवसांत दार अपुरं पडणारच. आता आम्ही आधी बिजागरीचे स्क्रू आवळतो, दार थोडं उचलून पाहतो, आणि रंधा फिरवायचाच असला तर अगदी पातळ साल काढतो. उरलेलं दिवाळीनंतर. माझा जोडीदार गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, "आत्ता जोर लावून लावा भाऊ, कार्तिकात मी येतो." आणि जातो.

आता तो उन्हाळा. 2022 चा मे. आमच्याकडे पारा 45 च्या आसपास गेला की कूलरशिवाय झोप लागत नाही. नात्यातल्या एका घरी कूलरचा पंप जळाला होता. मी नवा बसवला, पाणी चढलेलं पाहिलं, पैसे घेतले आणि निघालो. पंधरा दिवसांनी घरातल्या मामी अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या राहून कूलरमध्ये पाणी टाकत होत्या. त्यांचा हात टाकीला चिकटला. मुलगा घरी होता, त्याला सुचलं, त्यानं धावत मेन स्विच पाडला. मामी वाचल्या. तळहातावरची खूण अजून आहे.

मी जाऊन कूलर उघडला. पंप ठीक होता. पंख्याच्या मोटरीची वायर बॉडीला घासून उघडी पडली होती, आणि थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन कापलेली होती. भिंतीतलं सॉकेट दोन पिनांचं, म्हणून कुणीतरी पक्कडीनं ती कापली असणार. पंधरा दिवसांपूर्वी तो प्लग मीच हातात धरून काढला आणि लावला होता. मला पंपासाठी बोलावलं होतं, मी पंप पाहिला. प्लग पाहिला नाही. मामींनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. त्यानं जास्तच वाईट वाटलं.

ही गोष्ट आमच्या भागातल्या प्रत्येकानं समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो. ती जाड पिन अर्थिंगची. लोखंडी बॉडीत वीज उतरली तर तिनं माणसातून न जाता तारेनं जमिनीत जावं, यासाठी ती असते. बरेच जण म्हणतात, आमच्याकडे एमसीबी (बोर्डातलं आपोआप पडणारं बटण) आहे. एमसीबी शॉर्ट सर्किट आणि जास्त लोडसाठी. माणसातून जाणारा प्रवाह त्याच्या मानानं फार थोडा, तेवढ्यानं एमसीबी पडत नाही, पण माणूस दगावतो. त्यासाठी आरसीसीबी लागतो. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरची गळती झाली की लाइन तोडतो. आणि आमच्या कूलरमध्ये तर खारं पाणी, ते साध्या पाण्यापेक्षा वीज जास्त वाहून नेतं.

अर्थिंगचीही इथली वेगळी तऱ्हा आहे. ओल असेपर्यंत खारट माती अर्थिंगला चांगली, पण तीच माती अर्थिंगसाठी पुरलेला जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप खाऊन टाकते. वर तार दिसते, खाली पाइपाचा चुरा. ऐन मे महिन्यात माती भेगाळली की उरलासुरला संपर्कही सुटतो. म्हणून आम्ही आता तांब्याचा थर दिलेली सळई ठोकतो. महाग पडते, पण टिकते. आणि उन्हाळाभर त्या खड्ड्यात दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी टाकायला सांगतो.

मामींच्या घरून आल्यावर येण्याच्या शंभर रुपयांचा अर्थ बदलला. काम तोटीचं असो की बिजागरीचं, निघण्याआधी मी त्या घराचं अर्थिंग बघतो. टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजला, दुसरं अर्थला : न्यूट्रलवर लागतो तसाच लख्ख लागला तर ठीक, मिणमिणला किंवा लागलाच नाही तर घरच्यांना तिथेच दाखवतो. आरसीसीबी असेल तर तो पडतो, अर्थ जोडलेला आहे एवढं त्यावरून कळतं. (हे जाणत्यानंच करायचं, घरी कुणी हात घालू नये.) वहीत त्या घरापुढे खूण होते. मग झाडू मागून घ्यायचा आणि पडलेला भुसा, वायरचे तुकडे स्वतः झाडून काढायचे. गाडगेबाबांच्या मुलखात कचरा टाकून निघणं बरं दिसत नाही.

शेजारच्या काकूंनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. त्या उन्हाळ्यानंतर त्यांच्याही घरचं अर्थिंग दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "हे पह्यलेच सांगतलं असतं त मी कायले बोलली असती?" बरोबर होतं त्यांचं.

उधारी अजूनही आहे. पैसा कापूस किंवा हरभरा विकल्यावरच येतो, त्यामुळे सामानाचे पैसे रोख आणि मजुरी हंगामावर अशी पद्धत ठेवली आहे. बुडणारे फार थोडे. मजुरी थांबते, पण गळकी तोटी हंगामापर्यंत थांबत नाही, म्हणून हे असंच चालणार. आज आम्ही तिघं आहोत. गेल्या वर्षी आयटीआय झालेली एक मुलगी रुजू झाली. दुपारी घरात बाई एकटी असेल तर तीच जाते, आणि तिच्या नावानं येणारे फोन आता माझ्याइतकेच आहेत.

यंदा होळीच्या आधी आम्ही आमच्याच गावात कूलर तपासायची फेरी काढली, येण्याचे पैसे न घेता. सुरुवात मामींच्या आळीतून केली. पहिल्या दिवशी एकोणीस घरं झाली. सात प्लगांची जाड पिन कापलेली निघाली. सातही तिथल्या तिथे बदलले, सॉकेट तीन पिनांचे बसवले. चार घरांचं अर्थिंग मेलेलं आहे. त्यांच्या सळया अमरावतीहून आल्या आहेत, या आठवड्यात ठोकायच्या आहेत.