दैनिक बंद झालं त्या दिवशीच्या फायली

जिल्ह्याच्या त्या जुन्या दैनिकाचा शेवटचा अंक निघाला, त्या दिवशी मी तिथे जुन्या फायली ताब्यात घ्यायला ग्रंथालयातर्फे गेलो होतो. खाली शेवटची पानं लागत होती, वर माळ्यावर मी जुन्या अंकांचे बांधीव खंड मोजत होतो.

अंक तारखेवरून तपासायचे नाहीत, हे या कामातलं पहिलं पथ्य. दिवाळी, होळीनंतर सुट्टी असते, त्यामुळे तारीख तुटली म्हणजे अंक हरवला असं नाही. मथळ्याजवळचं 'वर्ष' आणि 'अंक' पाहायचं. तो आकडा तुटला तरच नोंद करायची. दुसरी फसगत आवृत्त्यांची. डाक (बाहेरगावी जाणारी) आणि शहर आवृत्तीची तारीख एकच, पण पहिलं पान वेगळं. 'दुबार प्रत' म्हणून बाजूला काढलेले अंक परत उघडून पाहावे लागले.

खरी पंचाईत बांधणीची होती. कोणीतरी टाके थेट पानाच्या आत घातलेले, त्यामुळे आतल्या रकान्याची अक्षरं शिवणीत गेलेली. असा खंड जोर लावून सपाट केला की कागद तुटतो, कारण वर्तमानपत्राच्या कागदातलं लिग्निन (लाकडातलं बांधून ठेवणारं द्रव्य) निघालेलं नसतं. ऊन-हवेने तो पिवळा आणि ठिसूळ होतो. टाके कापून पानं सुटी केली, तरच स्कॅन होतं. मोठं पान ए३ यंत्रावर मावत नाही, म्हणून वरून कॅमेरा लावायचा. फाटक्या जागी सेलोटेप लावू नये. काही वर्षांनी टेप निघून येते, तपकिरी चिकट डाग तेवढा राहतो.

संगणकावरच्या पानांचं म्हणाल तर त्यांचा भरवसा आणखी कमी. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली उघडल्या, पण ते जुने फॉन्ट नव्या यंत्रावर नव्हते, त्यामुळे मराठीच्या जागी नुसती चिन्हं. पीडीएफ दिसतात बरोबर. मजकूर शोधायला गेलं की तिथेही तीच चिन्हं.

छपाईची प्लेट निघेपर्यंत खाली बसलो तेव्हा पिशवीत, १८५७ च्या बंडात उत्तरेत सापडलेल्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' होता. १८५८ च्या झाशीच्या लुटीची आणि कत्तलीची ती पानं एका बैठकीत वाचवत नाहीत. प्रवासवर्णन म्हणून हाती घेणाऱ्याला ती हादरवतात. चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये ते छापलं, पण मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिलं, म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ मध्ये मूळ पाठ देता आला. अस्सल प्रत जपली नसती, तर फेरफार कुठे झालाय हेही कळलं नसतं.

म्हणूनच आमच्या यादीत अग्रलेखांपेक्षा निधनवार्ता, आडत बाजाराचे भाव आणि जमिनीच्या जाहीर नोटिसा वर होत्या. अग्रलेखांचे संग्रह निघतात. कुठल्या सर्व्हे नंबरावर कोणी हरकत घेतली होती, हे विचारत लोक मात्र वीस वर्षांनी येतात.

पहाटे शेवटच्या अंकाच्या पाच प्रती घेतल्या. घड्या उलगडून दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवल्या. तळाशी मुद्रक-प्रकाशकाची ओळ नेहमीसारखीच होती. निरोपाचा मजकूर पहिल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, दोन रकान्यांत. जाहिरात मात्र पाव पान.

खंडाच्या पाठीवर पेन्सिलीने (शाई ओलीने फुटते) अंक क्रमांक लिहिला आणि पुढे 'प्रकाशन बंद'. नाहीतर पुढचा ग्रंथपाल उगाच पुढचा अंक शोधत बसेल.