डाव्या अंगाचा बैल

आमच्या बेळगाव भागात बैलांचा सण पोळ्याला नसतो. ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर होतो. निपाणी ओलांडून कागलच्या बाजूला गेलं की तिथल्या बैलांना आषाढातल्या बेंदरापर्यंत थांबावं लागतं. श्रावण अमावस्येचा पोळा आम्हाला भेटला तो शाळेच्या निबंधात. आमच्या आत्त्याचं सासर कागलकडचं. एका वर्षी आमची जोडी तिच्याकडं कामाला गेली होती, तेव्हा त्या बैलांना दोन्ही बेंदूर मिळाले. सीमाभागात असल्याचा फायदा झालेले जीव माझ्या माहितीत तेवढेच.

बेंदराला शिंगं तासून हिंगूळ लावायचा, टोकांना शेंब्या बसवायच्या, गोंडे बांधायचे, झूल घालायची. संध्याकाळी कर तोडायला, म्हणजे बैल पळवून वेशीतलं तोरण तोडायला, सगळं गाव वेशीत. पांढरा बैल पुढं आला तर पांढरं पीक, म्हणजे ज्वारी-कापूस चांगला. तांबडा आला तर तांबडं. आमच्या येळ्ळूरच्या बाजूला शिवारभर भातच, तरी पैजा लागायच्याच.

पण बैलाची खरी ओळख या सजावटीत नसते. आज्जा कुठल्याही बैलाबद्दल पहिल्यांदा विचारायचा ते त्याचं अंग: डावा की उजवा? खोंड जुवाला लावतानाच ते ठरतं, आणि एकदा डाव्या अंगाला रुळलेला बैल उजवीकडं जुंपला की दिवसभर मान काढून घ्यायला बघतो. रंग, वशिंड, शिंगांचा बाक हे बाजारात बघायचं. खिलार चपळ, गाडीला छान. अथणी-रायबागकडच्या काळ्या रानात मात्र कृष्णाकाठचा दांडगा बैल. सांगली-मिरजेच्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गीर, ओंगोल वगैरेंचं रक्त मिसळून ही जात उभी केली, ती त्या चिकट मातीतून नांगर ओढण्यासाठीच. आमच्याकडं धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीत, कुरीनं (पाभरीनं) भात पेरायचं, म्हणजे पुढं तण काढायला ओळींमधून कोळपं चालवायचं. तिथं ताकदीपेक्षा पाय कुठं पडतो ते महत्त्वाचं. तोंडाला मुसकी बांधलेली आणि दोन्ही बाजूंना कोवळं हिरवं भात. अशा मोहातून सरळ चालणारा बैल म्हणजे घराची अब्रू.

बैलाच्या खुरांना लोखंडी पत्री मारण्याचा दिवस मला आवडायचा नाही. बैलाला दोरानं आडवा पाडायचा, चारी पाय बांधायचे. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एकूण आठ. बैल डोळे पांढरे करून हुंकारायचा आणि पत्रीवाला गप्पा मारत खिळे ठोकायचा. पत्री नीट बसली की मग सौंदत्तीची वाट. मार्गशीर्षापासून माघापर्यंतच्या पौर्णिमांना यल्लम्माच्या डोंगराकडं गाड्यांची रांग लागायची. ‘उदं गं आई उदं’ दिवसा. रात्री हाकणारासकट सगळे झोपलेले. पहिल्या गाडीला वाट माहीत असलेली जोडी हवी, मागची गाडी आपोआप पुढच्या गाडीचा कडबा हुंगत येते.

हल्ली जो तो म्हणतो, आम्ही बैलांना लेकरासारखं जपलं. मला हे पटत नाही. लेकराला कोणी वेसण घालत नाही. म्हातारा झाल्यावर त्याला बाजारात उभा करून टॉवेलाखाली बोटं दाबत भावही करत नाही. ते आमच्या घरानंही केलंय. जीव लावला होता, हे खरं. बैल विकून आलेला आज्जा त्या रात्री जेवायचा नाही, हेही खरं. पण पैसे मात्र मोजून घेतलेले असायचे.

आमचा डावा बैल ऐन पेरणीच्या तोंडावर मेला. एकटा उजवा गोठ्यात. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत जोड मिळाला असता, पण ती माघात, आणि वळीव तर पडून गेलेला. गावात जोड नसलेला डाव्या अंगाचा बैल एकाच घरी होता, आणि ते घर आमच्या भाऊकीतलं. त्यांच्याशी बांधावरून दावा चालू, बोलणं बंद.

आजीनंच परस्पर त्या घरच्या म्हातारीशी ठरवलं. सकाळी आज्जा आपला उजवा घेऊन वादातल्याच बांधावर गेला. ते चुलत आज्जा आपला डावा घेऊन आले. जू ठेवलं, मानेच्या सापत्या आवळल्या, एकमेकांकडं न बघता. मग दिवसभर दोघं बैलांशी बोलत होते.

“हळू रं राजा, ह्यांस्नी घाई हाय.”

“चल बाबा, कुरी धरता येत न्हाई त्यास्नी, त्येला तू काय करणार.”

दोन्ही घरांची पेरणी अशीच झाली, कोळपणीही. बैलांचं मात्र पहिल्या दिवसापासून जमलं. दावा चालूच राहिला. कोर्टाच्या तारखेला आज्जा आणि चुलत आज्जा बेळगावला जायचे ते एकाच गाडीतून, पाठीला पाठ लावून. गाडीला जोडी अर्थात तीच.