म्हातारी कॅम्पर, नवे बूट

आज अख्खी दुपार नाना पेठेत गेली. आमच्या जुन्या बोलेरो कॅम्परचे (डबल केबिनवाली पिकअप) मागचे टायर पार गुळगुळीत झालेत. गेल्या पावसात वेल्ह्याकडे शेतरस्त्यावर रुतली, ट्रॅक्टरने ओढून काढली.

एका दुकानदाराने ऑल-टेरेन (डांबरी रस्ता आणि चिखल, दोन्हींवर चालणारे) टायर फारच स्वस्तात काढले. साइडवॉलवर कोड बघितला, १९२०. म्हणजे २०२० च्या एकोणिसाव्या आठवड्यातला माल! (टायर आहे काका, लोणचं नाही मुरवायला.)

शेवटी दुसरीकडे मागचे दोनच घेतले. ओढ मागच्याच चाकांची, पुढचे अजून वर्षभर निघतील. लोड इंडेक्समध्ये (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मात्र काटकसर नाही, कांद्याची पोती भरायची असतात.

सिंहगड रोडला लागलो आणि टायरची घूं घूं सुरू. बाबा म्हणाले, "गिरणी विकत घेतलीस की काय?"