हेराल्डला स्पिटफायरच्या डिस्क: आधी ट्रनियन, मग ब्रेक

जाम गेटहून मंडलेश्वराकडे उतरताना जुन्या स्टँडर्ड हेराल्ड गाडीचे ड्रम ब्रेक तापले की पेडल रोजच्यापेक्षा खोल जातं आणि कितीही जोर लावला तरी गाडी हवी तशी आवरत नाही. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो, लायनिंगची पकडही सुटते. पावसाळ्यात माळव्याची काळी माती आत जाऊन बसते ती वेगळीच. म्हणून इंदुरात जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावायचा विषय दर हिवाळ्यात निघतो.

मद्रासला 1961 पासून बनलेली स्टँडर्ड हेराल्ड ही मूळची ट्रायम्फ हेराल्ड. ट्रायम्फच्या स्पिटफायर, व्हिटेस आणि जीटी6 या तिच्याच घराण्यातल्या गाड्या. पुढचं सस्पेन्शन सगळ्यांचं एकाच आराखड्याचं आहे: दोन विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी हात), मध्ये शॉकअब्सॉर्बरवर बसलेली कॉइल स्प्रिंग, वर बॉल जॉइंट, खाली ट्रनियन नावाचा आटे असलेला पितळी सांधा. चाकाच्या चार बोल्टांचं वर्तुळही एकच, 3.75 इंच, म्हणजे 95.25 मिमी. स्पिटफायरला पहिल्यापासून पुढे 9 इंची डिस्क आहे. जीटी6 आणि दोन लिटरच्या व्हिटेसला 9.7 इंची. मोठी डिस्क मोहात पाडते, पण तिच्याबरोबर जाड स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा), वेगळे हब, वेगळे बेअरिंग आणि मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) असं सगळंच घ्यावं लागतं. चार सिलिंडरच्या हेराल्डला 9 इंच भरपूर होतात.

खरेदी सुट्या भागांची करू नये. एकाच गाडीची, दोन्ही बाजूंची पूर्ण जोडी घ्यावी: व्हर्टिकल लिंक (दोन विशबोनांमधला उभा दांडा), स्टब अ‍ॅक्सल, हब, डिस्क, कॅलिपर आणि तो धरणारं ब्रॅकेट. ड्रमचा हब डिस्कला चालत नाही, आणि चार ठिकाणांहून गोळा केलेला माल बसवताना कुठे ना कुठे शिम (फटीत घालायच्या पातळ चकत्या), स्पेसर आणि लेथची कामं निघतातच. स्प्रिंग मात्र आपल्याच ठेवाव्यात. स्पिटफायरचं नाक हलकं आहे आणि जीटी6 वर सहा सिलिंडरचं इंजिन बसतं. दोन्हींच्या स्प्रिंग हेराल्डच्या वजनाला धरून केलेल्या नाहीत.

आता ट्रनियन. व्हर्टिकल लिंकच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते पितळी ट्रनियनमध्ये फिरतात. स्टिअरिंग वळवताना होणारी सगळी हालचाल इथेच होते. यात ग्रीस भरायचं नसतं. ईपी 90 गिअर ऑइल भरायचं असतं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पाणी पोचतं, आणि पोलादी लिंकला गंज धरतो. मग एक दिवस लिंक ट्रनियनच्या तोंडाशीच मोडते. बहुधा पार्किंगमध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना. चाक बाहेर पसरतं आणि गाडी नाकावर बसते. हेच घाटात झालं तर काय, हे लिहायची गरज नाही. डिस्कवर हजारो रुपये घालायचे आणि तीस-चाळीस वर्षं ग्रीस खाल्लेली लिंक तशीच चढवायची, याला काही अर्थ नाही.

म्हणून आलेली लिंक आधी ट्रनियनमधून काढावी. डाव्या बाजूचे आटे डावे, म्हणजे उलटे फिरणारे, उजव्याचे उजवे; जोर लावण्याआधी कोणती बाजू हातात आहे ते पाहावं. आटे डिझेलने धुवून तारेच्या ब्रशने साफ करावेत. खड्डे बोटाला लागले तर ती लिंक भंगारात. वरवर चांगली दिसली तरी डाय पेनिट्रंट मारून बघावी: लाल रंग लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर. चीर असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. सांवेर रोडच्या कारखान्यांत हे काम जाणणारी माणसं मिळतात. लिंकवर वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

बसवताना ट्रनियन पूर्ण आत फिरवावा आणि मग एक फेरा होणार नाही इतकाच मागे घ्यावा, म्हणजे दोन्हीकडे पूर्ण वळायला जागा राहते. वरचं रबर सील नवंच हवं. ट्रनियनचा प्लग काढून, निपल लावून, गिअर ऑइल भरलेल्या ग्रीसगनने वरून निथळेपर्यंत तेल द्यावं.

जुनं सस्पेन्शन उतरवताना गाडी घोडीवर घ्यावी, नुसत्या जॅकवर नाही. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर अख्खे बाहेर येतात: वरचे तीन नट आणि खालचा एक बोल्ट. मधल्या नटाला हात लावू नये, दाबलेली स्प्रिंग त्यानेच धरलेली असते. खालच्या विशबोनची ब्रॅकेट सोडावी लागली तर चासीजवळच्या शिम डाव्या-उजव्या वेगळ्या बांधून ठेवाव्यात. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, त्यांवरच आहे. रबर बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हबचा नट हब फिरवत साधारण 5 फूट-पौंड आवळून एक पैलू मागे, मग नवी स्प्लिट पिन. टेपर बेअरिंगला थोडा खेळ हवाच.

ब्रेकच्या नळ्यांत सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आटे. जुन्या कॅलिपरला 3/8 इंच यूएनएफ (इंची आटे), नंतरच्या काहींना एम10 (10 मिमीचे मेट्रिक आटे). 3/8 म्हणजे 9.5 मिमी, ही नळी एम10 च्या भोकात ढिली का होईना, चढते. हाताने आवळल्यावर ठीक वाटतं. पायाने जोरात दाबलं की आटे सुटतात. नळी जरा जरी लुळी वाटली तरी थ्रेड गेज लावावा.

पेडलने दाबला जाणारा मास्टर सिलिंडरही तपासावा. ड्रमसाठी लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह त्यात असेल तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि दहा किलोमीटरवर चाकाला हात लावता येत नाही. व्हॉल्व्ह काढावा. त्याचा बोअर, म्हणजे आतला व्यास, वाढवण्याची घाई करू नये: 5/8 वरून 3/4 इंच केला की पिस्टनचं क्षेत्रफळ 44 टक्क्यांनी वाढतं. पेडल कमी आत जातं, पण पायाला जोर त्याच हिशेबात जास्त लावावा लागतो. डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नसते, त्यामुळे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरशिवाय पेडल आधीच जड लागणार आहे.

ब्रेकमधली हवा निघता निघत नसेल तर कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल पाहावा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली येतो आणि वरची हवा तिथेच राहते. रबरी होज चाक लोंबकळत असताना आणि दोन्ही टोकांना वळवून, कुठे ताणत वा घासत नाही ना, हे बघावं. रिम बसवून हातानेच फिरवावी. मग पेडल कडक होईपर्यंत दाबल्याशिवाय गाडी जागची हलवू नये.

पहिले काही दिवस मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लावून गाडी ताशी 50 किलोमीटरवरून 15 पर्यंत पुन्हा पुन्हा हळू आणावी, मध्ये डिस्क थंड होऊ द्यावी. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होत असतील तर मागचे व्हील सिलिंडर लहान बोअरचे लावायचे. दोनशे किलोमीटरनंतर कॅलिपरचे बोल्ट पुन्हा तपासायचे, टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किती आत वळली आहेत, तेही तेव्हाच.